आतली गादी

१९ जुलै २०२५, शनिवार

दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात मंडळाची पोरं आली. यंदा सजीव देखावा करायचा म्हणतात, आणि तोही विज्ञानाचा. विज्ञानकथा लिहिणारे नारळीकर मे महिन्यात गेले, त्यांचा जन्म कोल्हापूरचा, आज त्यांची जयंती, असं सगळं पाठ करून आली होती. विषय काय, तर 'मंगळावरची नेसरी'. साल २६७४. प्रतापराव गुजर आणि सहा स्वार, अंगावर अंतराळातली चिलखतं, समोर बहलोलखानाची यंत्रं. "काका, चिलखतं तुम्ही करायची. फोम तुमच्याकडंच असतोय की."

मी सीट कव्हर आणि कुशनवाला. एसटीच्या सीटपासून डॉक्टरांच्या खुर्चीपर्यंत सगळं केलंय, पण चिलखत कधी केलं नाही. त्यांना म्हटलं, नारळीकरांच्या गोष्टी मी वाचल्यात, त्यांत चिलखत घातलेला शिपाई मला तरी आठवत नाही. दुर्बिणी आहेत, आकडेमोड आहे, कुणी ऐकून घेत नाही म्हणून वैतागलेले शास्त्रज्ञ आहेत. पोरं हिरमुसली. मग मीच सांगितलं की १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून. म्हणजे शिरस्त्राण घालून मैदानात उतरायचं त्यांनाही माहीत होतं. एवढ्यावर पोरं खूश. काम अंगावर पडलं ते पडलंच.

२२ जुलै

भाचा मोबाइल घेऊन बसला. "मामा, आधी बघ, मग काप."

पहिल्यांदा 'स्टार वॉर्स'मधली पांढरी फौज बघितली, १९७७ची. मला सगळ्यात आवडली ती करायची पद्धत. प्लास्टिकचा पत्रा तापवायचा, साच्यावर ओढायचा आणि खालून हवा शोषून घ्यायची. बिस्किटाच्या पुड्यातला ट्रे होतो, तेच तंत्र. आत काही नाही, नुसतं टरफल. डोळ्यांच्या जागी एवढ्याशा फटी. एका दृश्यात एक शिपाई आत येताना दाराच्या वरच्या कडेला डोकं आपटतो आणि तो तुकडा सिनेमात तसाच राहिलाय. भाच्यानं तो चार वेळा दाखवला. मी आठ वेळा हसलो.

याच शिरस्त्राणावरून पुढं कोर्टकज्जा झाला. ज्या कारागिरानं ती टोपी सिनेमासाठी घडवली, त्यानंच नंतर प्रती काढून विकायला घेतल्या. कंपनी म्हणाली, हे शिल्प आहे, याचा हक्क आमचा. २०११ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हे शिल्प नव्हे, सिनेमा करायला लागणारी कामाची वस्तू आहे. मला हे वाचून बरं वाटलं. वस्तू कसल्या कामाची, हा प्रश्न आमच्या धंद्यात रोजचा. तिथं त्यासाठी पाच न्यायमूर्ती बसवावे लागले.

पण काम नेमकं कसलं? त्या चिलखतानं एक गोळी अडवलेली मी बघितली नाही. चेहरा मात्र पक्का अडवला. चेहरा नसला की पन्नास शिपाई पडले तरी बघणारा शेंगा खात राहतो. नायक दर दहा मिनिटांनी टोप काढतो, तो उगीच नव्हे.

२७ जुलै, रविवार

थोरले मामा आले. मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होऊन निवृत्त झालेले. बेळगावात रंगरूट म्हणून भरती झाले आणि नव्वदच्या दशकात काश्मीरला होते. मी कागदावर काढलेला चिलखताचा फर्मा त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, "पाठ कुठाय रं?"

म्हटलं, मामा, देखावा समोरूनच बघतात. सात पाठींचा फोम वाचतो.

"शत्रू समोरनंच येतोय असं तुला कुणी सांगिटलं?"

मग त्यांनी पटक्याची गोष्ट काढली. आपल्याकडं पटका म्हणजे डोईला बांधायचं कापड. फौजेत त्याच नावाची एक पोलादी पट्टी होती. कपाळ आणि कानशिलं झाकायची, माथा उघडा, वरून कापड. वजन अडीच किलोच्या आसपास. जवळून सुटलेली रायफलीची गोळी तेव्हाच्या साध्या हेल्मेटातून पार जायची, म्हणून हे जाडजूड पोलाद, आणि तेही जिथं गोळी लागायची शक्यता जास्त तिथंच. सगळं डोकं तेवढ्या जाडीनं झाकायचं तर मान मोडेल. "दिवसभर घालून संध्याकाळी काढलं की डोकं हवंत तरंगतंय असं वाटायचं," म्हणाले. पट्टीच्या आत ते घरून नेलेला पंचा घडी करून ठेवायचे.

पंचा! हे मला कुठल्याही सिनेमात दिसलं नव्हतं.

गोळी अडवणाऱ्या जाकिटाचंही तेच. पुढं-मागं खिसे, खिशांत कठीण पाट्या. गोळी पाटीवर थांबते, पण तिचा दणका कुठं जाणार? तो आत उतरतो. गोळी अडली आणि माणूस मुक्या मारानं गेला, असं होऊ शकतं. म्हणून जाकीट तपासताना त्याच्या मागं मऊ मातीचा थर लावतात, गोळी झाडतात आणि मातीत पडलेला खड्डा मोजतात. अमेरिकी कसोटीत ४४ मिलिमीटरपर्यंतचा खड्डा चालतो. मी टेपवर ४४ मिलिमीटर धरून बघितलं आणि तीच टेप छातीला लावली. चांगलाच खोल आहे.

आणि त्या दणक्यासाठी पाटीच्या मागं काय घालतात? फोमची गादी. मामा म्हणाले, "म्हंजे तुझंच खातं की."

३० जुलै

फोम आला. दहा मिलिमीटरची काळी ईव्हीए शीट, सोल्यूशनचे दोन डबे, वेल्क्रो, दोन इंची पट्टा, बक्कल. मंडळानं निम्मेच पैसे दिलेत. बाकीचे 'वर्गणी जमली की'.

३ ऑगस्ट, रविवार

माल आणायला कोल्हापूरला गेलो होतो, येताना न्यू पॅलेसचं म्युझियम बघून आलो. हत्यारांपुढं गर्दी होती. काचेपलीकडं सगळं पोलाद दिसतं, आतली बाजू काही दिसत नाही. माझं सगळं काम आतल्या बाजूचं, त्यामुळं अर्धा तास मान वाकडी करून उभा होतो. पहारेकऱ्याला संशय आला असावा.

संध्याकाळी ओळखीच्या वस्तादांकडं मर्दानी खेळाचा सराव बघितला आणि दांडपट्टा हातात घालायला मागितला. कोपरापर्यंत लोखंडी खोबण, आत आडवी मूठ, पुढं लांबलचक लवचीक पातं. मूठ धरली आणि कळलं की मनगट संपलं. ते वळतच नाही. वार काढायचा तर खांद्यातून, कमरेतून, सगळं अंग फिरवून. म्हणून तर पट्टेबाज भिंगरीसारखा फिरतो. भाच्याच्या 'प्रेडेटर'मध्ये परग्रहावरच्या शिकाऱ्याच्या मनगटावर पाती बसवलीत, १९८७चा सिनेमा. हात आणि हत्यार एकच करायची ही युक्ती आपल्याकडं कितीतरी आधीची. खोबणीच्या आत बोट फिरवलं, तर कापडात कापूस भरून शिवलेलं अस्तर, घामानं काळं झालेलं. टाके दुहेरी होते. चांगला कारागीर.

कड्यांच्या चिलखताचंही वस्तादांनी सांगितलं. एका कडीत चार कड्या. कापणारा वार त्यावर घसरतो, टोकदार कट्यार मात्र कडी फोडून आत जाऊ शकते. सगळा भार खांद्यांवर येतो, म्हणून कमरेला शेला आवळायचा, म्हणजे थोडा भार कमरेवर उतरतो. आणि कड्यांखाली कापसाचा जाड अंगरखा हवाच, नाहीतर वार अडला तरी बरगडी जाते. पुन्हा मुका मार, पुन्हा गादी.

बसमध्ये एक गोष्ट डोक्यात आली. प्रतापगडावर १६५९ साली महाराजांचं चिलखत अंगरख्याच्या आत होतं. समोरच्याला ते दिसू नये, हीच त्याची खरी करामत. अंतराळातल्या शिपायाचं चिलखत मात्र बघितलं जावं म्हणूनच असतं, रंगवलेलं, दिवे लावलेलं. उद्या पोरांना म्हणावं का, की चिलखत आत घाला आणि वरून साधा अंगरखा? माझे कष्टही वाचतील. पण ऐकायची नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीला बहीण आली आणि भाचा पुस्तकं घेऊन आला. इंग्रजी मला सावकाश वाचता येतं, अडलं की तो सांगतो.

रॉबर्ट हाइनलाइनची 'स्टारशिप ट्रूपर्स', १९५९ची. यात चिलखतच चालतं. आतून माणसानं हात हलवला की सूटचा हात त्याच्या कितीतरी पट जोरानं हलतो. कसं, तर सूटच्या आतल्या बाजूला शेकडो ठिकाणी दाब ओळखणाऱ्या जागा आहेत. अंग जिथं टेकतं तिथून हुकूम जातो. म्हणजे या लेखकाला आतली बाजू सुचली होती! नौदलात होता म्हणे, तब्येतीमुळं सुटला. १९९७ साली याच कादंबरीवर सिनेमा काढला, त्यात हा सूटच नाही. एवढी मोठी गादी काढून टाकली आणि खुर्ची तेवढी ठेवली.

दुसरं जो हाल्डमनचं, १९७४चं. हा व्हिएतनाममध्ये जखमी होऊन आलेला. त्याच्या पुस्तकात सूट शत्रूइतकाच घालणाऱ्यालाही मारतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायला पाठीवर पंख आहेत. ते गोठलेल्या वायूच्या बर्फाला टेकले की स्फोट. पोरं सरावातच मरतात. हे पुस्तक मामांना वाचून दाखवायला हवं.

भाचा म्हणाला, असा सूट खरंच का करत नाहीत? केला होता की प्रयत्न. अमेरिकेच्या विशेष दलांनी २०१३ साली 'टॅलोस' नावानं काम काढलं, लोक त्याला आयर्न मॅनचा सूट म्हणायचे. २०१९पर्यंत चाललं, पुरा सूट काही झाला नाही. सुटे भाग तेवढे कामी आले. मला विचारलं तर अडचण सेलची. पाट्या वाढवल्या की वजन वाढतं, वजन उचलायला मोटर लागते, मोटरला सेल लागतो आणि सेलचंच वजन. आमच्या गल्लीत इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर चढवायला चार माणसं लागली होती.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झाल्यावर पहिलं चिलखत घालून बघितलं. प्रतापराव होणारा पोरगा बारावीतला, अंगानं भरलेला. रंग नव्हता, तरी ऐटदार दिसत होता. सगळ्यांनी फोटो काढले. म्हटलं, आता हात जोड.

जोडता येईनात. छातीची पाटी काखेपर्यंत आलेली, खांद्याच्या पाकळ्या तिच्यावर अडायच्या. दोन तळव्यांत वीतभर अंतर. गणपतीसमोर उभं राहून हात जोडता येत नाहीत, असला मावळा कुठल्या ग्रहावरचा? मग तलवार उपसायला सांगितलं, तीही अर्धीच निघाली.

चूक माझी. खुर्चीचं माप घेणारा माणूस मी. खुर्ची कधी हात वर करत नाही. काखेतून दोन्ही बाजूंनी चंद्रकोरीसारखं कापून काढलं. तिथं आता उघडं पडतं. मामा म्हणाले, "तिथं उघडंच असतंय. काख, गळा, जांघ. कितीबी पैसा घाल." मेलेल्या चिलखताला सांधे लागत नाहीत, जिवंत माणसाला लागतात.

रात्री कर्ण आठवला. 'मृत्युंजय' शाळेत असताना वाचलं, ते लिहिणारे शिवाजी सावंत आमच्या गडहिंग्लजशेजारच्या आजऱ्याचे, त्यामुळं आमच्याकडं ती घरचीच गोष्ट. कर्णाचं कवच जन्माचं, कातडीसारखं वाढणारं. त्याला पट्टा नको, बक्कल नको, सेल नको, काखेत अडणार नाही. चिलखताचा नमुना काढायचा तर तोच. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं बोरॉन कार्बाइड वापरून जाकीट केलं, त्याचं नाव 'भाभा कवच' ठेवलं, ते काय उगीच? फक्त कर्णाचं काढायचं झालं तर कापूनच काढावं लागलं. आमच्या वेल्क्रोची सोय त्यात नव्हती.

२४ ऑगस्ट

रंग वाळत नाही. पाऊस. हीट गननं बोट भाजलं. सहा झाली, सातव्याला टोप नाही. घरात सोल्यूशनचा वास येतो म्हणून ही दोन दिवस बोलत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

देखावा सुरू झाला. गर्दी चांगली. पाठी मी शेवटी केल्या, पातळ रेक्झिनच्या, मामांच्या धाकानं.

तिसऱ्या खेळाला डावीकडच्या स्वाराला भोवळ आली. फोम हवा जाऊ देत नाही, वरून दिव्यांचा उजेड, त्यात आपली भाद्रपदातली दमट हवा. टोप काढला तर आत पाणी साचलेलं. हाल्डमनच्या पाठीवरचे पंख मी वाचले होते, डोक्यात मात्र घेतले नव्हते. लिंबूपाणी देऊन त्याला बसवलं आणि तिथंच कटर घेऊन सगळ्या टोपांना मागून तीन-तीन भोकं पाडली. आत पंचाची घडी घातली, कपाळापाशी. लोकांना काही कळलं नाही.

शेवटच्या खेळाला मामा खुर्ची टाकून पुढं बसले होते. सात जण खिंडीत शिरले, लाल दिवे विझले. मामा काहीच बोलले नाहीत. मग स्टेजच्या मागं जाऊन प्रतापरावाला म्हणाले, "बक्कल ढिलं कर आधी. श्वास घे."

१४ सप्टेंबर, रविवार

मंडळाचे उरलेले पैसे अजून यायचे आहेत. चिलखतं मात्र परत आली, गोणपाटात बांधून. माळ्यावर जागा नाही.

सकाळी शेजारचा बारका आला, फुटबॉलचा नाद. गडहिंग्लजात हा नाद कुणाला नाही? शाळेच्या मैदानावर नडगीला बूट लागून निळं झालेलं. शिनगार्ड घ्यायला घरचे पैसे देत नाहीत म्हणाला. प्रतापरावांची छाती ओढून घेतली, त्याच्या नडगीचं माप घेतलं. बाहेरून फुटक्या बादलीचं प्लास्टिक तापवून वाकवलं, आतून फोम, कडेला शिलाई, मागं इलॅस्टिक. घालून त्यानं दुकानातच दोन उड्या मारल्या, गुडघा वाकवून बघितला. वरची कड टोचते म्हणाला. अर्धा इंच कापली.

दुपारपर्यंत आणखी तिघं दारात. छातीतून चार जोड निघाले. खांदे अजून शिल्लक आहेत.