दोन रकान्यांचं पान

"मॅडम, ते आपलं पान अजून आहे का हो?"

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक जुना विद्यार्थी घरी आला. फराळाची ताटली हातात घेतली आणि पहिला प्रश्न हाच विचारला. आता तो एका कन्नड शाळेत शिक्षक आहे. त्याची अज्जी वर्षभरापूर्वी गेली. "तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आमच्याकडं काही नाही. फोटो एकच, तोही आधार कार्डावरचा. पण तुमच्या त्या पानावर तिचे दहा शब्द होते," तो म्हणाला.

पान म्हणजे वहीचं नव्हे, कॉम्प्युटरवरचं. गोष्ट २००८ सालची. मी तेव्हा नोकरीत नवी होते. बेळगावपासून तासाभराच्या अंतरावरच्या आमच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मराठी शिकवत होते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत दोन भाषा नांदत होत्या. माझ्या घरीही तेच. माहेर मराठी, सासर कन्नड. सासूबाईंना मी अत्ती म्हणायची. त्या माझ्याशी कन्नडमध्ये बोलायच्या, मी मराठीत उत्तर द्यायची आणि दोघींचं कधी अडलं नाही.

वर्गात एकदा भाषांच्या देवाणघेवाणीचा विषय निघाला. आपलं तूप आणि कन्नडमधलं तुप्प, आपला अडकित्ता आणि तिकडची अडकत्तरी. अण्णा आणि अक्का तर दोन्ही घरचे. 'अन्न' दोघांकडं आहे, पण आपण कुठल्याही जेवणाला अन्न म्हणतो आणि कन्नड घरात अन्न म्हणजे भात. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या आजीला विचारलं तर ती पुस्तकभर सांगेल." त्यातून ठरलं, की प्रत्येकानं आपल्या आजीकडून घरात वापरातले दहा शब्द आणायचे आणि कॉलेजच्या लॅबमध्ये त्यांचं एक वेब पेज करायचं.

ठरवलं खरं, पण मी एम.ए. मराठी. कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिका टाइप करण्यापलीकडं माझी मजल नव्हती. लॅबच्या सरांनी धीर दिला. त्यांनी 'कॉम्पोझर' नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर टाकून दिलं. नेटस्केपच्या जुन्या कम्पोझरपासून एनव्यू आणि त्यापासून हे, अशी त्याची वंशावळ त्यांनी सांगितली. वेब पेज लिहायला एचटीएमएलच्या खुणा लागतात. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, असं प्रत्येक गोष्टीला कोनदार कंसात सांगावं लागतं. या सॉफ्टवेअरमध्ये मात्र आपण पत्र लिहावं तसं लिहायचं, खुणा ते पाठीमागं आपोआप घालतं. खाली 'सोर्स' नावाचं बटण होतं. ते दाबलं की पाठीमागची सगळी शिवण दिसायची. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान वाचायचीच नाही, लिहायचीही सोय होती, हेही सरांकडूनच कळलं. मला बरं वाटलं. वाचता येतं त्याला लिहिताही यावं, हे मूळ कल्पनेतच होतं तर.

पहिला तंटा सॉफ्टवेअरशी नव्हे, आमच्यात आपसांतच झाला. दोन रकान्यांचा तक्ता घातला आणि प्रश्न आला, डावीकडं कुठली भाषा? "मराठीचा तास आहे, मराठीच पहिली," पुढच्या बाकावरून आवाज आला. मागच्या बाकावरची कन्नड घरांतली मुलं गप्प बसली. आपल्या भागात पाटीवर कुठली ओळ वर आणि कुठली खाली यावरून काय काय होतं, ते वाचकांना सांगायला नको. मला ती शांतता आवडली नाही. मग त्याच मागच्या बाकावरून हा मुलगा, दिवाळीला आलेला, हळूच म्हणाला, "मॅडम, डावीकडं अज्जीचा शब्द घेऊया. ती ज्या भाषेत बोलली, त्या भाषेत." तसंच केलं. डाव्या रकान्याचं शीर्षक 'आजीचा शब्द', उजव्याचं 'दुसऱ्या घरचा शब्द'. डावीकडं कधी मराठी आली, कधी कन्नड. शब्दाखाली आजी तो कधी वापरते, त्याची एक ओळ. कुणी पुन्हा वाद काढला नाही.

काही मुलांनी शब्द बाजारातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणले होते. ते पानावर चिकटवले तर तूप ना तुप्प, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. सरांनी समजावलं, की जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये अक्षर आतून इंग्रजीच असतं, वरून मराठीचा अंगरखा घातलेला असतो. अंगरखा नसलेल्या मशीनवर गेलं की आतलं उघडं पडतं. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. मराठी 'अ'चा ०९०५, कन्नड 'अ'चा ०सी८५. देवनागरीची ओळ ०९०० पासून सुरू होते आणि कन्नडची ०सी८० पासून, म्हणजे दोन्हींत 'अ' पाचव्याच जागेवर. 'क'चंही तसंच. भारतीय लिप्यांसाठी आधी केलेल्या 'इस्की' या मानकावरून ही मांडणी घेतली, म्हणून दोन्ही लिप्यांत अक्षरं त्याच क्रमानं बसली आहेत. हे ऐकून वर्ग खूश झाला. दोन घरं वेगळी, पण पंगतीतले पाट सारखेच मांडलेले.

सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. त्यात 'भाकऱ्या' अडल्या. नेहमीचा र घेऊन टाइप केलं की 'भाकर्या' व्हायचं. आजीच्या भाकऱ्यांवर रफार चढलेला मला चालेना. खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग पाय मोडून य, हे दोन दिवसांनी सापडलं. पानाचं एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवायचं, तेही शिकलो. लॅबमधल्या एका मशीनवर पान उघडलं तर दोन्ही रकान्यांत नुसते चौकोनी डबे. "मॅडम, भाषेचा वादच मिटला," कुणीतरी म्हणालं. विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागायची, ती तिथं केलेली नव्हती. एक खूण करायची, सीडी घालायची, मशीन पुन्हा सुरू करायचं. डब्यांतून आज्या बाहेर आल्या.

पण माझी खरी फजिती झाली ती चित्राची. पानावर एक तरी चित्र हवं म्हणून मी अत्तींचा अडकित्ता मागितला. पितळी, त्यांच्या आईचा. ओट्यावर ठेवून फोटो काढला, घरच्या कॉम्प्युटरवर नवं पान उघडलं आणि वर लावला. अत्ती मागं येऊन उभ्या राहिल्या. "एन माडाकत्ती?" काय करतेयस, असं विचारलं. मी दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पदरानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दुसऱ्या दिवशी पान पेन ड्राइव्हवर घालून लॅबमध्ये उघडलं, तर अडकित्त्याच्या जागी मोडक्या चित्राची खूण. चित्राची फाइलही सोबत नेली होती. सगळा वर्ग बघतोय आणि मी माउस हलवतेय. घरी येऊन पाहिलं तर अडकित्ता जागच्या जागी, ऐटीत.

संध्याकाळी चहा घेताना अत्तींना सांगितलं, की तुमचा अडकित्ता कॉलेजात दिसला नाही. तेवढ्यात फोन आला. दूरचे कुणी पाहुणे घर विचारत होते. अत्तींनी नेहमीसारखं सांगितलं, "हनुमप्पन गुडी हिंद." मारुतीच्या देवळाच्या मागं. घर नंबर, क्रॉस, पिनकोड त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितला नसेल, तरी पाहुणा कधी चुकला नाही.

माझ्या डोक्यात तिथं उजेड पडला. मी पान सेव्ह करण्याआधीच चित्र घातलं होतं. पान स्वतःच कुठं राहतं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरनं चित्राचा पत्ता मुळापासून लिहून ठेवला. या मशीनचा सी ड्राइव्ह, त्यात अमुक फोल्डर, त्यात तमुक फोल्डर. लॅबच्या मशीनवर तो पत्ता अस्तित्वातच नव्हता. घरी मात्र बरोबर सापडायचा, त्यामुळं मला चूक दिसणारच नव्हती. उपाय सोपा निघाला. एक फोल्डर करायचा, पान आधी त्यात सेव्ह करायचं, चित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवायचं आणि मग चित्र घालताना 'पत्ता पानाच्या जागेवरून धरावा' या अर्थाची जी चौकट असते तिच्यावर खूण करायची. सेव्ह न केलेल्या पानात ती चौकट बंदच असते. आता पत्ता झाला 'माझ्या शेजारी'. फोल्डर उचलून कुठंही न्या, शेजार बदलत नाही. अत्तींचा पत्ता सांगायचा रिवाज एचटीएमएललाही मानवला.

या सॉफ्टवेअरचं वर्णन करताना म्हणतात, जे दिसतं तेच मिळतं. ते अर्धंच खरं आहे. मला दिसतं ते मला मिळतं. दुसऱ्याला काय मिळालं, ते त्याच्या मशीनवर जाऊन त्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. दोन भाषांच्या घरात सून म्हणून आल्यावर हे मला आधीच कळायला हवं होतं. मी प्रेमानं बोललेलं समोरच्याला तसंच पोचलं, असं आपण किती सहज धरून चालतो! त्यानंतर वर्गात नियम केला. ज्यानं पान केलं त्यानं ते तपासायचं नाही, दुसऱ्याच्या मशीनवर दुसऱ्यानं तपासायचं. मराठी रकाना कन्नड घरातल्या मुलांनी वाचायचा आणि कन्नड रकाना मराठी घरातल्यांनी, अडखळत का होईना.

पान इंटरनेटवर टाकायचं राहून गेलं. लॅबमध्ये नेट असलं तर वीज नसायची, वीज असली तर नेट. सरांनी सगळा फोल्डर एका सीडीवर घालून माझ्या हाती दिला. आज वाटतं, ते बरंच झालं. फुकट जागा देणारं जिओसिटीज तर पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, आपल्याकडं बंद झालं आणि कितीतरी लोकांची घरगुती पानं त्याबरोबर गेली.

दिवाळीत ती सीडी शोधली. अत्तींच्या ट्रंकेत सापडली, अडकित्त्याच्याच शेजारी. अत्ती जाऊन आता सहा वर्षं झाली. लॅपटॉपला सीडीची सोय नव्हती, म्हणून गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याच्या जुन्या मशीनवर घातली. मनात धाकधूक होती. त्याच सीडीवरच्या डीटीपीच्या फाइली उघडल्या, तर पुन्हा तोच कचरा. मग 'इंडेक्स' नावाची फाइल उघडली. दोन रकाने, सगळे शब्द, वर अडकित्ता. एक मात्रा हललेली नव्हती. ज्या सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं, ते त्या मशीनवर नव्हतंच, त्याची गरजही पडली नाही. साध्या एचटीएमएलचं पान कुठल्याही ब्राउझरला वाचता येतं. विद्यार्थ्यानं फोल्डर फोनवर घेतला, तिथंही उघडलं. अक्षरं बारीक दिसली, कारण आम्ही पान केलं तेव्हा फोनचा विचारच केला नव्हता. बोटांनी मोठं करून तो अज्जीच्या ओळींपर्यंत गेला. डावीकडं 'बीसुव कल्लु', उजवीकडं 'जातं'. खाली त्यानंच टाइप केलेली ओळ होती, की अज्जी म्हणते, गिरणी आली आणि पहाटेची गाणी गेली. तो बराच वेळ तेवढंच बघत राहिला. झेरॉक्सवाल्यानं पैसे घेतले नाहीत.

आता पान करणं त्याहून सोपं झालंय. गूगल साइट्ससारख्या ठिकाणी नुसतं ओढून ठेवलं की काम होतं. घरच्या मशीनवर जुन्या पद्धतीनं करायचं असेल, तर सीमंकीबरोबर त्या कम्पोझरचा वंशज आजही मोफत मिळतो. शिक्षक मंडळींना एवढंच सांगेन, की टाइप युनिकोडमध्येच करा, पान आधी सेव्ह करा, चित्रं शेजारी ठेवा, दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा आणि एक प्रत आपल्या घरी ठेवा.

निघताना तो म्हणाला, "आमच्या शाळेतल्या पोरांकडूनही करून घेतो, मॅडम. निम्म्या घरांत मराठी आज्या आहेत."

मी मुद्दाम विचारलं, "आणि डावीकडं कुठली भाषा?"

तो हसला. "अज्जीची," म्हणाला आणि चप्पल घालू लागला.