ऐकून न ऐकल्यासारखे

माणसाविषयी घाईने मत बनवण्याची आम्हांस जुनी खोड आहे. आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त वाहतूक हवालदार राहावयास आले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच आम्ही त्यांस 'शिष्ट' ठरवून मोकळे झालो. जिन्यात मागून नमस्कार केला, तर त्यांनी मान वळवली नाही. पुढे एकदा समोरासमोर गाठ पडली. आम्ही म्हणालो, "थंडी फार आहे, नाही?" ते गंभीरपणे उत्तरले, "अंडी? नाही मास्तर, आम्ही माळकरी."

घरी येऊन आम्ही हा किस्सा रंगवून सांगितला आणि सर्वजण पोट धरून हसलो. त्या हसण्याची लाज आम्हांस पुढे एका संध्याकाळी वाटली. त्यांची चारेक वर्षांची नात काही सांगत होती. आजोबांस ते उमजेना, तेव्हा तिने दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा स्वतःच्या ओठांकडे वळवला आणि म्हणाली, "आता बघा, म्हणजे ऐकू येईल."

अंतःकर्णात शंखासारखा वळलेला एक भाग असतो. त्यात सुमारे 15,000 केशपेशी असतात. एकदा मेली की माणसाची केशपेशी पुन्हा उगवत नाही. गोंगाटाने प्रथम 4,000 हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे जाते. त्यामुळे स, थ, फ असे बारीक वर्ण आणि लहान मुलांचे कोवळे आवाज आधी हरवतात. शब्द कानी पडतो, अर्थ पडत नाही. आमच्या थंडीतील 'थ' असाच पुण्याच्या कोणत्या तरी चौकात सांडून गेला होता!

85 डेसिबलांचा आवाज दिवसाकाठी आठ तासांहून अधिक सोसू नये आणि दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी करावी, असा एक शास्त्रीय दंडक आहे. त्या हिशेबाने 100 डेसिबलांस पंधराच मिनिटे उरतात. हवालदारसाहेब सव्वीस वर्षे चौकात उभे होते. शिवाय स्वतःची शिट्टी स्वतःच्याच कानाखाली! कानांत बोळे का घातले नाहीत, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "मग रुग्णवाहिका आलेली कशी कळायची?"

कायदा नाही असे नव्हे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बाजारपेठेत दिवसा 65 आणि शांतता क्षेत्रात 50 डेसिबल ही मर्यादा घातली आहे. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी तर एक गमतीचा प्रयोग करून त्याची चित्रफीत 2020 च्या जानेवारीत प्रसिद्ध केली. भोंग्यांचा कल्लोळ 85 डेसिबलांपलीकडे गेला की तांबड्या दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू! लोक हसले, आम्हीही हसलो. आमच्या दुचाकीचा भोंगा मात्र पूर्ववत वाजत राहिला.

एके दिवशी आम्ही हवालदारसाहेबांस, त्यांच्या समोर बसून, सावकाश विचारले, "याबद्दल कोठे तक्रार केली नाहीत?"

ते हसून म्हणाले, "मास्तर, कुणी कानफटात मारली असती, तर गुन्हा नोंदवला असता. इथे आरोपी म्हणून कुणाकुणाची नावे लिहू?"

आम्ही काही बोललो नाही. निदान एक नाव आम्हांस ठाऊक होते.