खारेपाटातली मानी

पेण-अलिबागच्या खाडीकाठची ही जमीन मुळातच खारट स्वभावाची. बांध घालून, उघाडी बसवून शेतकऱ्याने तिला राबवलं खरं, पण ती पुरती माणसाळली कधीच नाही. पावसाळ्यात नमतं घ्यायची. गोडं पाणी मीठ खाली रेटायचं आणि वरच्या वीतभर मातीत भात व्हायचा. चैत्रात मीठ पुन्हा वर, भेगांच्या कडांवर पांढरं. हा तिचा सालाबादचा रुसवा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला.

मग एका उधाणात बांधाला खांड पडली. बुजवायला माणसं जमेनात, खांड रुंदावत गेली आणि हिने नवा संसार मांडला.

आता भरतीचं पाणी थेट आत. त्यातला सोडियम चिकणमातीच्या कणांवरच्या कॅल्शियमला हुसकावून स्वतः बसतो. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून मातीतले जिवाणू श्वासाची दुसरी सोय पाहतात: आधी नायट्रेट, मग लोहाचा गंज, शेवटी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट. सल्फेटचं सल्फाइड होतं आणि ते लोहाला धरून बसतं. फावड्याने एक ढेप काढून बघा. सडक्या अंड्याचा वास, आत काजळीसारखी काळी माती. पण तिवराच्या मुळांभोवती आणि खेकड्यांच्या बिळांच्या कडेने तांबूस कडी. जिथवर हवा झिरपली, तिथवरच गंज. या बाईच्या अंगावर दागिना म्हणाल तर एवढाच.

पाचोळा सावकाश कुजतो, सेंद्रिय कर्ब साठत जातो. प्रयोगशाळेच्या कागदावर ही सुधारणाच! मालकाने ती कुठे खायची, हा प्रश्न निराळा. वर तिवरं वाढली की तोडायला कायद्याची बंदी.

तिचा खरा राग दिसतो तो घाईने बांध घालून तिला सुकवल्यावर. सल्फाइडला हवा लागली की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. सामू 4 च्याही खाली जाऊ शकतो, ॲल्युमिनियम मोकळा सुटतो, भाताची मुळं खुरटतात. केरळच्या कुट्टनाडातल्या काळ्या 'करी' जमिनी याच दुखण्यासाठी प्रसिद्ध आहेत. सगळीकडे ती इतकी भडकेलच असं नाही. मातीत शिंपल्यांचा चुना पुरेसा असेल तर आम्ल तिथल्या तिथे जिरतं. म्हणून खांड बुजवण्याआधी तिची थोडी माती ओलसर, हवेशीर ठेवून दोन-तीन महिन्यांनी सामू पुन्हा मोजावा. तो घसरला, तर भाताचा हट्ट धरू नये.