उडण्याआधीचा डम्बो



कार्टूनपटातलं कोण तुम्हाला सगळ्यांत जास्त आवडतं? वडगाव मावळच्या माझ्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला. वाटलं होतं, राजे, राजकन्या, शूर वीर अशी नावं येतील. पण कुणी म्हणालं मोठ्या कानांचा डम्बो, कुणी म्हणालं निळा स्टिच, तर कुणी 'रॅटाटुई'मधला स्वयंपाकी उंदीर! गंमत बघा, हे सगळे कुणालाच नको असलेले.

असं का बरं? अहो, "तुला आम्ही खेळायला घेणार नाही" हे वाक्य आपण प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. म्हणून पडद्यावर कुणी एकटं पडलं की आपलं मन हळूच त्याच्या शेजारी जाऊन बसतं.

या साऱ्यांचा पणजोबा म्हणजे बदकाचं कुरूप पिल्लू. डेन्मार्कच्या हान्स अँडरसनने ही गोष्ट १८४३ साली लिहिली. तो एका गरीब, जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. आपल्या गदिमांनी याच गोष्टीवरून गाणं लिहिलं आणि आशा भोसले यांनी ते गायलं. तुमच्या आजीलाही ते पाठ असेल! वॉल्ट डिस्नेने १९३९ मध्ये त्या पिल्लावर छोटा कार्टूनपट काढला, त्याला ऑस्कर मिळालं. २००२ सालच्या चित्रपटात तर स्टिचच्याच हाती या पिल्लाचं पुस्तक लागतं, आणि त्याला ती आपलीच गोष्ट वाटते.

आता १९४१ सालचा 'डम्बो' आठवा. त्याच्या कानांना सगळे हसतात. पोरं कान ओढतात, म्हणून आई चिडते, तर तिलाच कोंडून ठेवतात. बिचारा डम्बो सबंध चित्रपटात एक शब्द बोलत नाही. शेवटी तेच कान पंख होतात, तो उडतो, आणि सगळे टाळ्या वाजवतात.

हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तो उडालाच नसता तर?"

वर्ग गप्प झाला. किती खरा प्रश्न! पिल्लू राजहंस निघालं नसतं, तर त्याला छळणं बरोबर ठरलं असतं का? मुळीच नाही. मग मी विचारलं, "डम्बो उडण्याआधी त्याच्यावर कुणी प्रेम केलं?" उत्तर लगेच आलं: त्याच्या आईने आणि टिमोथी उंदराने. गजाआडून सोंड बाहेर काढून आईने त्याला झुलवलं, तेव्हा त्याला उडता कुठे येत होतं?

तळेगाव-चाकणच्या कारखान्यांमुळे आमच्याकडे गावोगावची, परप्रांतांतलीही मुलं शाळेत येतात. कुणाची बोली वेगळी, कुणाला मराठी येतच नाही. इतर मुलं फिदीफिदी हसतात, चिडवतात. त्या नव्या मुलाने पहिला नंबर काढला की सगळे त्याचे मित्र! पण नंबर काढण्याआधी, डबा खायला त्याच्या शेजारी कोण बसणार?

आणि पालकहो, "बघ, तो कसा पुढे गेला!" हे आपण मुलांना नेहमी सांगतो. त्याला आधी हात कुणी दिला, हेही एकदा सांगा.

मुलांनो, डम्बो होणं आपल्या हाती नाही. टिमोथी मात्र उद्याच्या मधल्या सुट्टीतही होता येतं, बरं का!