टाळ ऐकू येतोय काय?

आमचे आबा वायरमन. वय ७८. उद्यमबागेत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून ३० वर्षं नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी काकती, होनगा, कडोली या पट्ट्यात लग्नात, यात्रेत, गणपतीत भोंगे लावले. काकती म्हटलं की सगळ्यांना कित्तूर चन्नम्मा राणीचं माहेर आठवतं. आमच्या घरात मात्र काकती म्हणजे माळ्यावर ठेवलेले चार भोंगे, वायरीची भेंडोळी आणि अहुजाचा ॲम्प्लिफायर.

म्हणून वायरीनं आवाज बदलतो की नाही, हा वाद आमच्याकडं कुठल्या मासिकातनं आला नाही. तो घरातच होता. आबांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"बदलतोय की! दोनशे मीटर वायर वड आणि बघ, बदलतोय का न्हाई ते."

ते थट्टेनं म्हणत नसत. बाजारात मिळणारी साधी फ्लेक्स वायर तारांच्या हिशेबानं विकली जायची, अजूनही जाते. तेवीस-छत्तीस म्हणजे ३६ गेजच्या २३ तारा, चाळीस-छत्तीस म्हणजे ४० तारा. तेवीस-छत्तीस देवळापासून वेशीपर्यंत २०० मीटर ओढली, तर जाऊन-येऊन ४०० मीटर तांबं झालं. त्याचा रोध साधारण १० ओहम. भोंग्याचं युनिट ८ किंवा १६ ओहमचं. म्हणजे ८ ओहमच्या युनिटला जाणारी अर्ध्याहून जास्त ताकद वाटेतच वायर गरम करण्यात खर्च!

यावर तोडगा म्हणजे ॲम्प्लिफायरच्या मागचं १०० व्होल्टचं टर्मिनल. भोंग्यापाशी लाईन ट्रान्सफॉर्मर बसवायचा. मग २५ वॅटच्या भोंग्याला लाईनमधनं फक्त पाव अँपिअर करंट जातो आणि तेवढ्याच लांब वायरीत शंभरातले दोन-तीन वॅटच वाया जातात. सणात गावभर वाजणारं गाणं असं बारक्या वायरीवरनंच यायचं. आबा म्हणायचे, "वायर गाणं म्हणत न्हाई, वाट देतेय. वाट अरुंद असली तर पाव्हणा अडकणार. पुरेशी रुंद झाली की मग तिला चांदी लावा, सोनं लावा, पाव्हण्याला काय त्याचं?"

घरचा सेट वेगळा. १९८६ साली आबांनी कॉस्मिकचा सेकंडहँड ॲम्प्लिफायर आणि फिलिप्सचा रेकॉर्ड प्लेअर घेतला. स्पीकरचे खोके गावातल्या सुताराकडनं करून घेतले. त्या खोक्यांतनं आमच्या सोप्यात भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर आले. कुमार गंधर्व तर आमचेच. १९२४ साली त्यांचा जन्म सुळेभावीत झाला, बेळगावच्या पलीकडच्या अंगाला. हे सांगितल्याशिवाय आबा त्यांची रेकॉर्ड लावतच नसत. गल्लीतली माणसं रविवारी सकाळी येऊन बसायची. आईचं म्हणणं, तिच्या आयुष्यातला निम्मा चहा त्या रविवारांत संपला.

दोन-अडीच वर्षांपूर्वी आबा म्हणायला लागले, आवाज दबलाय. भीमसेनजींच्या अभंगांच्या रेकॉर्डवर मागं टाळ वाजतो तो येत नाही, तंबोरा येत नाही, शब्द जड येतात. आम्ही सुई बदलली. ॲम्प्लिफायर बेळगावला नेऊन कंट्रोल साफ करून आणले. आबांनी स्वतः स्पीकरच्या वायरींची टोकं कापून नवीन केली. आमच्याकडच्या पावसात तांब्यावर हिरवं धरतं, ते काढल्यावर मधेच येणारी चरचर गेली. पण टाळ काही आला नाही. रविवारची बैठक हळूहळू बंद झाली. आबा सेटवर कापड टाकून ठेवायला लागले.

मग बेंगळूरचा भाचा आला. सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि हायफायचा नाद. आज्जावर जीव. येताना स्पीकरची केबल घेऊन आला. जाडजूड, वर जाळीचं कापड, टोकांना सोन्याचा मुलामा. किंमत विचारल्यावर आधी बोलेना, मग हळूच म्हणाला, "३२ हजार, मामा." आई देवघरातनं बाहेर आली आणि परत आत गेली.

भाचा म्हणाला, "आज्जा, तुमची वायर तीस वर्षांची. वरचे सूर खातेय ती. ही लावल्यावर टाळ येतोय बघा."

आबा काहीच बोलले नाहीत. मला तेच खटकलं. एरवी त्यांनी पाव्हण्याचं आणि वाटेचं सांगितलं असतं. या खेपेला त्यांना ते खरं व्हायला पाहिजे होतं.

मी कागद घेऊन बसलो. आमची जुनी वायर चाळीस-छत्तीस, प्रत्येक स्पीकरला ५ मीटर. तिचा जाऊन-येऊन रोध ०.१५ ओहमच्या आसपास. ८ ओहमच्या स्पीकरला आवाजात घट साधारण ०.१६ डेसिबल. नवी केबल कितीही जाड धरली तरी फायदा त्याच्या आतलाच. वरच्या सुरांत थोडा फरक वायरीच्या इंडक्टन्सनं पडतो, पण ५ मीटरला तोही नगण्य.

हे प्रयोग लोकांनी आधी केलेत. १९८३ साली अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी ऐकणाऱ्यांना न सांगता वायरी बदलून चाचणी घेतली. अगदी बारीक २४ गेजची वायर ऐकणाऱ्यांना खर्रर्र अशा चाचणीच्या आवाजात ओळखता आली, कारण तिच्यात आवाजच कमी होत होता. पण साधी १६ गेजची वायर आणि महागडी केबल यांतला फरक गाणं लावून कोणाला खात्रीनं सांगता आला नाही. २००७ साली जेम्स रँडी या जादूगारानं ७,२५० डॉलरची स्पीकर केबल न बघता ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस देऊ केलं होतं. ती परीक्षा शेवटपर्यंत झालीच नाही.

भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "कागदावर नको, कानानं ठरवू."

बरोबर बोलला. तसंच केलं. आबा, आई आणि भाचा भिंतीकडं तोंड करून नव्हे, स्पीकरकडं तोंड करून बसले, पण ॲम्प्लिफायर आणि मी त्यांच्या पाठीमागं चादरीच्या आड. व्हॉल्यूमच्या बटणावर खडूची खूण. आधी दोन्ही वायरी सांगून ऐकवल्या. मग प्रत्येक वेळी रुपया उडवायचा, छापा आला तर जुनी, काटा आला तर नवी. वायर बदलली नाही तरी बदलल्याचा खडखड आवाज करायचा. तीच रेकॉर्ड, तोच तुकडा. १२ वेळा. तिघांनी एकमेकांशी न बोलता कागदावर लिहायचं.

निकाल: भाचा १२ पैकी ७. आई ६. आबा ५.

नुसता रुपया उडवून उत्तरं लिहिली असती तरी १२ पैकी ७ किंवा जास्त शंभरात ३८-३९ वेळा आलंच असतं. भाचा हिरमुसला, पण पोरगं प्रामाणिक. म्हणाला, "सांगून लावली होती तेव्हा मला खरंच फरक ऐकू आला होता की, मामा."

आणि त्यात खोटं काही नाही. माणूस नुसत्या कानानं ऐकत नाही. जाड केबल बघितली, किंमत कळली, लक्ष देऊन बसला, की एरवी निसटणारं काहीतरी सापडतं. ते गाण्यात आधीपासून असतंच.

पण खरी गोष्ट पुढं झाली. आईनं कागद खाली ठेवला आणि सहज म्हणाली, "वायर कळली न्हाई बाई मला. टाळ मात्र दोन्हीत छान येतोय."

सोपा गप्प झाला.

आबा आईकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "परत लाव." लावली. "आता येतोय?" आई म्हणाली, होय. भाचा मान खाली घालून म्हणाला, होय आज्जा. आबा उठून स्पीकरपाशी गेले, कान खोक्याला लावला आणि तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजे लाईन नीट हाय. लाईनीचं शेवटचं टोक गेलंय."

तपासणीला यायला आबांनी महिनाभर टाळाटाळ केली. शेवटी आई म्हणाली, भोंगा बिघडला तर उघडून बघत होतासा न्हवं, मग कान का न्हाई? बेळगावला जाऊन ऑडिओग्राम काढला. कागदावर रेघ २००० हर्ट्झपर्यंत बरी होती, पुढं उतारच. डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या कानात सूर पकडणाऱ्या बारीक केसांच्या पेशी असतात. वयानं आणि मोठ्या आवाजानं वरचे सूर पकडणाऱ्या पेशी आधी जातात, आणि गेलेल्या परत येत नाहीत. टाळ, तंबोऱ्याची झणझण, बोलण्यातले स, श, फ सगळे त्याच पट्ट्यात. कारखान्यातले प्रेस आणि पुढं भोंग्यांखाली काढलेल्या रात्री, दोन्ही त्या रेघेत दिसत होते. नातवंडं बोलतात ते "पुटपुटतात" म्हणून आबा चिडायचे, त्याचाही उलगडा झाला.

कानातलं मशीन घेतलं. पहिले काही दिवस आबा म्हणायचे, पत्र्याचा आवाज येतोय, काढून टाकतो. ही मशीनं मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून बसवलेली असतात. गाण्यासाठी वेगळं सेटिंग असतं, ते मागून करून घ्यावं लागतं. तेही डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सगळं सांगितल्यावर कळलं. दोन-तीन महिन्यांनी सवय झाली. टाळ पूर्वीसारखा येत नाही, पण येतो. रविवारी कापड निघतं. माणसं थोडी आहेत, चहा आता सून करते.

भाच्यानं ती केबल बेंगळूरला नेली. त्याला ती आवडते, त्याचे पैसे, त्याचा सोपा. आबांनीही त्याला कधी टोकलं नाही. उलट म्हणाले, "पोरगं माझ्यासाठी ३२ हजारांची वायर घेऊन आलं, हे कुठल्या मीटरवर मोजणार?"

घरी सेट असेल त्यांच्यासाठी आबांच्याच चार गोष्टी लिहितो. वायर तांब्याची घ्या, लांब असेल तर जाड घ्या. पाच-दहा मीटरला दीड ते अडीच स्क्वेअर एमएम भरपूर झाली. टोकं वर्षातनं एकदा साफ करा. प्लस-मायनस दोन्ही स्पीकरला सारखं आहे का बघा, एकाचं उलटं झालं तर खर्जच गायब होतो. रेकॉर्ड प्लेअरची अर्थिंगची तार जोडा, नाहीतर हमिंग येतं, आणि सिग्नलची वायर मेनच्या वायरीपासून लांब ठेवा. एवढ्यावर वायरीचं काम संपलं. उरलेले पैसे स्पीकरला आणि रेकॉर्डींना.

आणि घरातलं साठी ओलांडलेलं माणूस "आवाज दबलाय" म्हणायला लागलं, तर वायर बघा, सुई बघा, पण त्याच आठवड्यात त्यांच्याशेजारी बसून तीच रेकॉर्ड ऐका आणि विचारा, टाळ ऐकू येतोय काय? आम्ही विचारायला दोन वर्षं घेतली, आबांचे तेवढे रविवार गेले.

आपल्या भागात कोणाकडं असे जुने सेट अजून चालू असतील तर सांगा. फोटो टाका. आबा चष्मा लावून सगळे बघतात.