सुक्या बांगड्याचा पंचनामा कोण करणार?

मे 2025. मान्सून एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, तो 25 मे लाच तळकोकणात पोचला. त्याआधीही काही दिवस पाऊस कोसळतच होता. मी बंदरावर फिरलो, फोटो काढले आणि बातमी पाठवली: बोटी सुरक्षित, जीवितहानी नाही.

परत येताना एक काकी ओला, वास मारणारा बांगडा गोणीत भरताना दिसली. सहज विचारलं, "काकी, नुकसान किती झाला?"

"होडयेचा काय झाला तर पंचनामो करतत. माझो बांगडो कुजलो, तो खंय लिवतलंस?"

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या बातमीतही तिचा बांगडा नव्हता.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्यामुळे मे महिन्याचे शेवटचे दिवस म्हणजे या बायकांचा खरा हंगाम. लिलावात मासळी घ्यायची, मीठ लावायचं, तीन-चार कडक उन्हं द्यायची आणि आगोटीच्या बाजारात विकायची. बचत गटाचा हप्ता यातूनच फिटतो. ऊनच गेलं तर माल जातो, हप्ता मात्र राहतो. पुढचे दोन महिने विकायला ताजी मासळीही नाही.

आपत्ती मदतीच्या निकषांत बोट आहे, जाळी आहे. सुकत घातलेली मासळी नाही. मनात आणलं तर सरकारला बायका दिसतात. 2019 च्या क्यार वादळानंतरच्या पॅकेजमध्ये मासळी विकणाऱ्या महिलांचाही समावेश होता. एप्रिल 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. मग खळ्यात भिजलेल्या भाताचा पंचनामा होतो, तसा वाळत घातलेल्या बांगड्याचा का नाही?

खाडीत खेकडे आणि कालवं पाळायचे प्रयोग आपल्या जिल्ह्यात झाले. चांगलंच आहे ते. पण जो धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, तो आधी वाचवूया की!

माझ्या मते तीन गोष्टी लगेच होऊ शकतात. एक, मासळी सुकवणाऱ्या बायकांची नावं ग्रामसभेत नोंदवा. यादीच नसेल तर भरपाई कोणाला मागणार? दोन, बंदरावर वर छप्पर असलेले उंच मांडव किंवा सौर वाळवणी यंत्र सामाईक बसवा. तीन, हवामानाचा इशारा येतो तेव्हा "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये" एवढंच कळतं. "पुढचे तीन दिवस मासळी सुकत घालू नका" हेही कोणीतरी या बायकांना सांगा. व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुरे.

तुमच्या वाडीत किती बायका मासळी सुकवतात? आकडा खाली लिहा. पुढच्या ग्रामसभेच्या आधी मी ती यादी घेऊन सरपंचांकडे जाणार आहे. त्या बातमीत जे राहिलं, ते निदान यादीत तरी येऊ दे.