फुसका बार

आमच्या कोकणातल्या घरी रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. आजोबा ती मोठ्या निगुतीने भरीत : आधी दारू, मग काथ्या, मग छर्रे आणि अगदी शेवटी केप. पावसाळ्यात मात्र हटकून घोटाळा होई. केप वाजे, पण बार उडत नसे. दारूला ओल धरलेली असे, नाहीतर केपेखालचे भोक काजळीने बुजलेले असे.

एकदा असेच झाले. काय अडले ते पाहावे म्हणून मी नळीच्या तोंडाशी वाकलो, तोच आजोबांची सणसणीत चपराक बसली आणि मी मागे कोलमडलो. दुसऱ्याच क्षणी बंदूक माळाच्या दिशेने धडाडली!

"न उडालेला बार मेलेला नसतो रे," आजोबा एवढेच म्हणाले. त्यांचा हात थरथरत होता.

गेल्या दिवाळीत माझा मुलगा न फुटलेल्या सुतळी बाँबवर फुंकर घालायला वाकला. माझा हात आपोआप उठला. पण मी त्याला नुसते मागे ओढले. बराच वेळ थांबून आम्ही लांबूनच त्यावर पाणी ओतले. बाँब काही फुटला नाही. मुलगा मला हसला. हसू दे बापडा! थांबायला शिकला, एवढे मला पुरे.